वाचकांचे प्रश्न : एका स्कीवर उभी राहणारी मुले

मागच्या अंकात उन्हाळ्यातल्या तळ्यांविषयी लिहिताना वॉटर स्कीइंगचा, म्हणजे पायांत स्की नावाच्या लांब फळ्या घालून बोटीच्या दोराला धरून पाण्यावरून घसरत जाण्याचा, उल्लेख मी दोन ओळींत उरकला होता आणि सर्वांत जास्त पत्रे नेमकी त्या दोन ओळींवर आली. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या तळ्यांच्या राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले आता शेजाऱ्यांच्या बोटीमागे स्की करू लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी मात्र लहानपणी हा खेळ पाहिलेलाही नसतो, त्यामुळे धक्क्यावर उभे राहून मुलाला काय सांगावे, हे त्यांना उमजत नाही. बहुतेक प्रश्न स्लॅलमचे आहेत, म्हणजे एकाच स्कीवर दोन्ही पाय एकामागे एक ठेवून बोटीच्या मागे डावी-उजवीकडे वळणे घेण्याचे. गेली काही वर्षे उन्हाळ्यात मी मुलांना हे शिकवते आहे, त्या अनुभवाच्या आधारे निवडक पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. दोन उन्हाळे ती दोन स्कींवर व्यवस्थित स्की करते. तिच्या वर्गातली एक मुलगी एका स्कीवर जाते, म्हणून हिलाही आता तेच करायचे आहे. वय पुरेसे आहे का? पुढे कोणता पाय ठेवायचा हे कसे ठरवावे? – एक आई, विस्कॉन्सिन

उत्तर : वयाचा हिशोब आपण सोडून द्यावा. सहाव्या वर्षी एका स्कीवर सहज गेलेली मुले मी पाहिली आहेत आणि बाराव्या वर्षीही घाई ठरावी अशी मुलेही पाहिली आहेत. मी तीनच गोष्टी पाहते. पहिली म्हणजे खोल पाण्यातून दोन स्कींवर ती प्रत्येक वेळी, विशेष धडपड न करता, उभी राहते का. दुसरी म्हणजे बोटीच्या मागे दोन्ही बाजूंना ज्या लाटा उठतात, त्या दोन्ही ओलांडून बाहेर जाऊन ती परत मध्ये येते का. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, दोन स्कींवर चाललेली असताना ती एक स्की पाण्याच्या वर वीतभर उचलून तीन-चार सेकंद तशीच धरू शकते का. हे तिसरे जमले की आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आपोआप मिळते, कारण ज्या पायावर ती अधिक स्थिर उभी राहते तोच पाय पुढच्या बुटात जाईल. मुलाला बेसावध असताना मागून हलकेच ढकलावे आणि जो पाय पुढे पडेल तो पुढचा मानावा, अशी एक युक्ती सर्रास सांगितली जाते. मला ती भरवशाची वाटत नाही. जमिनीवर तोल सावरणे आणि पाण्यावर एका पायावर भार पेलणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पहिल्यांदा स्की सोडण्यासाठी सकाळची, वारा नसलेली वेळ निवडावी. जी स्की सोडायची, तिचा बूट आधीच थोडा सैल ठेवावा, म्हणजे टाच हलकेच उचलली की पाय बाहेर येतो. पाय बाहेर आल्याबरोबर तो मागच्या पट्ट्यात घालण्याची घाई मुले करतात, खाली पाहतात आणि पडतात. म्हणून मोकळ्या पायाला पहिले काही दिवस काही कामच देऊ नये. त्याचा अंगठा पाण्यावर मागे टेकवून तसाच घसरत नेऊ द्यावा. नजर बोटीवर, गुडघे सैल, हात सरळ आणि दोराच्या टोकाचा दांडा कमरेपाशी एवढे टिकले की तो पाय पुढच्या पायाच्या टाचेला स्पर्श करत मागे सरकवून, न पाहता, पट्ट्यात जातो. सुटलेली स्की तरंगत राहते. ती कुठे पडली हे बोटीतल्या एकाने लक्षात ठेवावे आणि दुसऱ्या कुणाच्या बोटीला ती आडवी येण्यापूर्वी उचलावी.

हे सारे होत असताना बोट चालवणाऱ्याने वेग मुळीच बदलू नये. वीस-बावीस किलो वजनाच्या मुलाला दोन स्कींवर ताशी 21 किलोमीटरच्या आसपासचा वेग पुरतो. एका स्कीवर पाण्याला टेकणारा पृष्ठभाग निम्मा होतो, त्यामुळे वेग थोडा वाढवावा लागतो, पण तो स्की सोडण्याच्या आधीच वाढवून स्थिर ठेवलेला असावा. मूल डगमगले की चालवणारा घाबरून वेग कमी करतो, दोर ढिला पडतो, स्की पाण्यात बुडू लागते आणि मग सगळे म्हणतात, मुलाला जमले नाही. मुलांच्या पहिल्या वर्षातली निम्म्याहून अधिक पडझड मी बोट चालवणाऱ्याच्या खात्यावर मांडते.

घाईबद्दल एक कबुली द्यायला हवी. माझ्या धाकट्या मुलाला मी सातव्या वर्षी, शेजाऱ्यांच्या देखत, एका स्कीवर उभे करण्याचा हट्ट धरला होता. पाणी थंड होते, त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो ‘आता पुरे’ म्हणाल्यावरही मी आणखी दोनदा प्रयत्न करायला लावला. पुढचा सबंध उन्हाळा तो धक्क्यावर बसून मासे पकडत होता आणि स्कीचे नाव काढू देत नव्हता. तेव्हापासून माझ्या बोटीत एक नियम आहे : एका दिवसात नव्या गोष्टीचे तीनच प्रयत्न, आणि शेवटची फेरी नेहमी त्याला आधीपासून येत असलेल्या गोष्टीची.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा एका स्कीवर नीट चालतो, पण लाट ओलांडायला निघाला की त्याचे हात कोपरातून वाकतात, तो कमरेतून पुढे ओढला जातो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या लाटेवर पडतो. ‘हात सरळ ठेव’ असे मी शंभरदा सांगितले. व्यायामाने हातांत ताकद आणावी का? – एक वडील, मिनियापोलिसजवळ

उत्तर : ताकदीचा यात फारसा संबंध नाही, आणि ‘हात सरळ ठेव’ ही सूचना शंभरदा देऊन उपयोग झाला नसेल तर एकशे एकाव्यांदाही होणार नाही. हात वाकणे हे लक्षण आहे. मूळ दोष पायांत आणि कमरेत असतो. मुलाचा भार मागच्या पायावर गेला की स्कीचे पुढचे टोक वर उठते, स्की नांगरासारखी पाण्यात रुतते आणि ओढ अचानक वाढते. ही वाढलेली ओढ शरीराच्या सरळ रेषेत पेलण्याऐवजी मूल खांद्यांनी पेलू पाहते आणि दांडा छातीकडे ओढते. दांडा छातीकडे आला की दोर क्षणभर ढिला होतो, आणि बोट पुढे जातच असल्यामुळे लगेच ताणला जातो. त्या झटक्याने मूल कमरेतून मोडते. आपला मुलगा दुसऱ्या लाटेवर पडतो, पण चूक पहिल्या लाटेच्याही आधी झालेली असते.

म्हणून दुरुस्ती जमिनीवर सुरू करावी. दारातल्या हिरवळीवर एखाद्या झाडाच्या खोडाला, मुलाच्या कमरेच्या उंचीवर, दोर बांधावा. मुलाने दांडा दोन्ही हातांनी धरावा, पाय स्कीवर असतात तसे एकामागे एक ठेवावेत आणि दोर ताणून मागे रेलावे. बहुतेक मुले आधी खुर्चीत बसल्यासारखी बसतात. आपण शेजारी उभे राहून त्याच्या कमरेला मागून तळहाताने हलका आधार द्यावा आणि कंबर दांड्याकडे न्यायला सांगावे. ‘दांडा कमरेकडे ओढ’ असे सांगू नये, ‘कंबर दांड्याकडे ने’ असे सांगावे. शब्दांत फरक थोडा असला तरी शरीरात तो फार मोठा पडतो. घोटा, गुडघा, कंबर आणि खांदा एका रेषेत आले की त्याला स्वतःलाच जाणवते की हात न वाकवता, जवळपास फुकटात, ओढ पेलली जाते आहे. आमच्याकडे एका मुलीने हे जमल्यावर ‘मी दोरावर वाळत घातलेय’ असे म्हटले होते. तेव्हापासून मी मुलांना तेच शब्द सांगते.

पाण्यावर गेल्यावर एकदम दोन्ही लाटा ओलांडायला लावू नये. पहिले काही दिवस दोन लाटांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यातच डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जावे, आणि लक्ष फक्त स्कीच्या कडेवर असावे. स्की सपाट असते तेव्हा ती सरळ जाते, कडेवर झुकवली की वळते. बाकी सारे तंत्र या एका गोष्टीचा विस्तार आहे. पुढे एक लाट ओलांडून बाहेर जाऊन थांबावे, श्वास घ्यावा आणि परत यावे. लाटेपाशी येऊन मन कच्चे करणे हा मुलांचा स्वाभाविक दोष आहे. मूल लाट पाहते, स्की सपाट करते आणि तिरकस, रेंगाळत लाटेवर चढते, त्यामुळे लाट त्याला अधिक वेळ हलवत राहते. कड धरून निश्चयाने लाट आडवी कापली तर ती एका ठोक्यात मागे पडते आणि गुडघे सैल असतील तर तो ठोका गुडघ्यांतच विरतो. दुसरी लाट पूर्ण मागे पडेपर्यंत कड सोडायची नाही, हे मात्र आधीच बजावून ठेवावे.

लाटच लहान करण्याचा उपायही आपल्या हातात आहे आणि पालक तो क्वचित करतात : बोटीत गर्दी करू नये. चालवणारा, लक्ष ठेवणारा आणि फार तर आणखी एक जण पुरे. मुलाचा पराक्रम पाहायला सात जण बोटीत चढले की बोटीची मागची बाजू दबते आणि त्याच मुलापुढे वाढीव लाट उभी राहते. काही बोटींना बाजूला आडवा दांडा लावता येतो, त्याला बूम म्हणतात. त्याला आखूड दोर बांधला तर मूल बोटीच्या शेजारी, लाटांच्या बाहेर चालते आणि शिकवणाऱ्याचे बोलणेही त्याला ऐकू येते. ज्याचे हात सवयीने वाकतात अशा मुलाला मी दोन-तीन दिवस बूमवर परत आणते, आणि ते मागे जाणे आहे असे त्याला वाटू देत नाही.

प्रश्न : आमच्या जवळच्या तळ्यावर स्लॅलमचा आखलेला मार्ग आहे. तो नेमका कसा असतो आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांना तिथे केव्हा न्यावे? – एक पालक, मिशिगन

उत्तर : स्पर्धेचा मार्ग 259 मीटर लांब असतो. मधून बोट जोडीजोडीने लावलेल्या बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांच्या, मधून सरळ रेषेत जाते आणि स्की करणाऱ्याने प्रवेशद्वाराच्या दोन बोयांमधून आत शिरून, आळीपाळीने दोन्ही बाजूंना असलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसे घालून शेवटच्या द्वारातून बाहेर पडायचे असते. हे सहा बोये मध्यरेषेपासून 11.5 मीटर अंतरावर असतात आणि लांबीच्या दिशेने एकापासून दुसरा 41 मीटरवर असतो. एक फेरी पूर्ण झाली की वेग ताशी 3 किलोमीटरने वाढतो. वयोगटाची कमाल गाठली की वेग वाढणे थांबते आणि दोर आखूड होऊ लागतो : 18.25 मीटर, मग 16, 14.25, 13, 12, 11.25, 10.75 असा. या आकड्यांतली गंमत मुलांना जरूर सांगावी. दोर 11.25 मीटरचा झाला की तो मध्यरेषेपासून बोयापर्यंतच्या अंतराहून आखूड पडतो, आणि उरलेले अंतर खेळाडूला स्वतःचे शरीर आणि हात लांबवून भरून काढावे लागते. पुरुषांच्या खुल्या गटात कमाल वेग ताशी 58 किलोमीटर आणि स्त्रियांच्या गटात 55 असतो.

आपल्या मुलांसाठी यातला उपयोगाचा आकडा वेगळाच आहे. ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने बोट हा मार्ग सुमारे 31 सेकंदांत पार करते, म्हणजे एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ पाच सेकंद मिळतात. ताशी 55 किलोमीटरला पावणेतीन सेकंदही मिळत नाहीत. कमी वेगात वेळ भरपूर असतो, पण स्की पाण्यात खोल बसते आणि जड वळते. त्यामुळे ‘हळू म्हणजे सोपे’ हे अर्धेच खरे आहे. फार हळू नेलेले मूल बोयापर्यंत पोहोचतच नाही.

बोयाची ओढ फार वाईट असते. मोकळ्या पाण्यात सुंदर वळणारे मूल बोया दिसला की त्याच्यावर नजर खिळवते, त्याच्या दिशेने शेवटपर्यंत ओढत राहते, बोयापाशी भरवेगात पोहोचते आणि वळण बोयाच्या पुढे वाहून जाते. पुढच्या बोयाला मग आणखी उशीर होतो आणि तिसऱ्याला दोर ढिला पडतो. म्हणून मोकळ्या पाण्यात, दोन्ही हात दांड्यावर ठेवून, दोन्ही बाजूंना एकसारखी आणि एकाच लयीत दहा-बारा वळणे सलग येईपर्यंत मी मुलांना मार्गावर नेत नाही. प्रत्येक मुलाची एक बाजू सोपी आणि एक अवघड असते. पालकांनी कौतुक अवघड बाजूच्या वळणाचे करावे, सोपी बाजू स्वतःची काळजी घेते.

मार्गावर नेल्यावर आधी आतल्या बाजूला, मध्यरेषेच्या जवळ लावलेल्या बोयांवर सराव करावा. अनेक ठिकाणी लहान मुलांसाठी ते मुद्दाम लावलेले असतात. तेही नसतील तर मोठ्या बोयांच्या आतूनच, त्यांना न शिवता, त्यांच्या तालावर वळावे. बोया पकडायचा नसून त्याच्या आधीच वळण सुरू करायचे आहे, हे मुलाला पटले की अर्धे काम झाले. आणि हो, बोट तिच्या बोयांमधून अगदी सरळ गेली पाहिजे. चालवणारा मुलाच्या दिशेने चुकचुकत वाकडा जाऊ लागला तर मुलाने केलेल्या मेहनतीचे मोजमापच उरत नाही.

प्रश्न : मुलासाठी नवी स्की घ्यावी की वापरलेली? – एक आई, शिकागो

उत्तर : वापरलेली. मूल वाढते आहे आणि पहिल्या दोन वर्षांत स्कीच्या महागड्या गुणांचा त्याला काही उपयोग नाही. स्की वजनाला जुळणारी, मागे थोडी रुंद असलेली घ्यावी, म्हणजे खोल पाण्यातून उठणे सोपे जाते. बूट मात्र मापाचेच हवेत. ‘पुढच्या वर्षी बसतील’ म्हणून मोठे घेतले तर टाच आत हलत राहते आणि कड धरताच येत नाही. लाइफ जॅकेटही मापाचेच असावे : मुलाला ते घालून, बंद करून, खांद्यांशी धरून वर उचलून पाहावे; ते कानांपर्यंत सरकले तर परत करावे. खर्च करायचाच असेल तर लहान हातांसाठी मिळणारा बारीक दांडा घ्यावा. मोठ्यांचा जाड दांडा मुलाच्या मुठीत पुरता मावत नाही आणि पालक समजतात की त्याची पकड कच्ची आहे.

प्रश्न : मी साताऱ्याहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलो आहे. नातू नऊ वर्षांचा आहे. तो पडायला लागला की बोटीतले सगळे ‘सोड, सोड’ असे ओरडतात. आम्ही विहिरीत पोहायला शिकलो तेव्हा कमरेला सुकवलेला भोपळा आणि दोर असे आणि ‘दोर सोडू नकोस’ असे वडील सांगत. इथे उलटे का? शिवाय मी काठावर बसून नुसता पाहत राहतो. माझा काही उपयोग होईल का? – एक आजोबा

उत्तर : आपला प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत मोलाचा वाटला. विहिरीतला दोर आपल्याला वर काढण्यासाठी होता आणि त्याचे दुसरे टोक वडिलांच्या हातात होते. इथे दोराचे दुसरे टोक चालत्या बोटीला बांधलेले आहे. पडल्यावर मुलाने दांडा धरून ठेवला तर बोट त्याला पाण्यातून तोंडावर ओढत नेते, नाकातोंडात पाणी जाते आणि खांदा किंवा मनगट दुखावू शकते. सोडला तर त्याच क्षणी सारे थांबते, जॅकेट त्याला तरंगत ठेवते आणि बोट वळून परत येते. पण धरून राहणे ही मुलाची उपजत प्रवृत्ती आहे आणि चिकाटीचे संस्कार झालेले मूल तर हमखास धरून ठेवते. त्यामुळे सोडणे हे शिकवावेच लागते. दोर हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही, हेही त्याच धड्यात येते.

पडल्यानंतर मुलाने एक हात उंच करून आपण ठीक आहोत अशी खूण लगेच करायची असते. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा आणि डोक्यावर हात थोपटला की परत धक्क्याकडे न्या. बोट मुलापाशी आली की इंजिन बंद झालेच पाहिजे. मिनेसोटाच्या कायद्यानुसार चालवणाऱ्याखेरीज मागे लक्ष ठेवणारा माणूस किंवा रुंद आरसा यांपैकी एक असला तरी चालते. लहान मुलांच्या बाबतीत मला आरसा पुरेसा वाटत नाही. ते लक्ष ठेवण्याचे काम आपण आनंदाने घ्यावे. नजर नातवावरून हलू न देणे आणि तो पडल्याबरोबर मोठ्याने सांगणे एवढेच ते काम आहे.

नातवाला सांगायला एक गोष्टही देते. हा खेळ मिनेसोटातच, लेक सिटी या गावाशेजारच्या पेपिन तळ्यावर, 1922 साली राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने सुरू केला. पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या, काहीच जमेना. शेवटी त्याने आठ फूट लांब फळ्या घेतल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि मागे रेलून, टोके पाण्याच्या वर ठेवून उभा राहिला. नातू सुरुवातीला पाण्यात गुडघे पोटाशी घेऊन, स्कीचे टोक बाहेर ठेवून बोटीच्या ओढीची वाट पाहतो ना, ती तीच युक्ती आहे.

आणि ‘सोड’ हा शब्द त्याच्या अंगवळणी पाडण्याचे काम आपल्याइतके चांगले कुणी करू शकणार नाही. संध्याकाळी हिरवळीवर दांडा नातवाच्या हातात द्यावा, दोराचे दुसरे टोक आपण धरावे, त्याला एकामागे एक पाय ठेवून रेलायला लावावे आणि मध्येच, गप्पा मारता मारता, ‘सोड’ म्हणावे. शब्द संपायच्या आत बोटे उघडली पाहिजेत. तो मागे गवतावर बसेल आणि हसेल. आपण मात्र दोर हलक्या हाताने धरावा, नाहीतर त्याने सोडल्यावर गवतावर बसायची पाळी आपल्यावर येईल.